आधी पाणी, मग पत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेला. जमावाचा रोख होता कर्जरोख्यांवर. हाती लागले तेवढे कागद जाळण्यात आले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील बऱ्याच गावांत पोहोचले. इतिहासाच्या पुस्तकात याचे कारण म्हणून सावकाराचा लोभ सांगितला जातो, आणि तो होताच. पण त्याआधीची दहा-बारा वर्षे पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस येईनासा झाला आणि इथल्या कापसाला भाव चढला, तेव्हा याच शेतकऱ्यांना सावकार सढळ हाताने कर्ज देत होते. म्हणजे कर्जाची टंचाई नव्हती. युद्ध संपले, भाव उतरले, त्याच सुमारास सरकारने शेतसारा वाढवला, आणि आधी सहज मिळालेले कर्ज फासासारखे आवळले. या सगळ्या काळात कोरडवाहू जमिनीची पिकवण्याची ताकद होती तेवढीच राहिली. १८७९च्या कायद्याने कोर्टांना कर्जाच्या व्यवहाराची मुळापासून चौकशी करण्याचा अधिकार दिला, शेतकऱ्याला थोडे संरक्षण मिळाले. पण पावसावर अवलंबून असलेल्या एकराचे उत्पन्न कायद्याने वाढणार नव्हते. गावाकडची गरिबी हटवण्यासाठी छोटी कर्जे द्यावीत की छोटी कामे काढावीत, हा वाद आजही चालतो. त्याचे उत्तर या जुन्या अनुभवात बरेचसे दडलेले आहे: कर्ज आधीच असलेल्या कमाईच्या वाटेला वेग देते, वाटच नसेल तर ते नुसता बोजा होते. म्हणून दोन्ही हवीत, पण क्रमाने.

याच अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पुढे जे घडले ते याचा उलट पुरावा आहे. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांखालच्या जमिनीला खात्रीचे पाणी मिळाले. ऊस उभा राहिला, उसाच्या भरवशावर पतपेढ्या तगल्या, आणि त्याच पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५०च्या सुमारास गाळप करू लागला. हे घडत असताना देशातले एकूण चित्र काय होते? गोरवाला समितीने केलेल्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली आला. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असल्याचे त्यात दिसले. स्वतः गाडगीळ त्या समितीत होते. सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ पासून सगळ्यांना सारखाच लागू होता. तरी तो कालव्याच्या काठी रुजला आणि दुष्काळी टापूत बहुतेक ठिकाणी कागदावर राहिला. माणसे तीच, कायदा तोच, फरक पाण्याचा. अर्थात कालव्याची वाट सगळ्यांसाठी नाही. महाराष्ट्राची बहुतांश शेती आजही पावसावर आहे आणि डोंगर-माळाच्या गावापर्यंत मोठ्या धरणाचे पाणी पोहोचणे अवघड. तिथे कालव्याची जागा घेऊ शकतात ती लहान कामे: बांधबंदिस्ती, समतल चर, नाला बंडिंग, पाझर तलाव, विहीर, आणि शेतापर्यंत गाडी जाईल असा पाणंद रस्ता.

अशा कामांना मजुरीच्या हक्काशी जोडण्याची कल्पना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात तिचा प्रयोग झाला. १९७२चा दुष्काळ आला तेव्हा ती राज्यभर पसरली. १९७३च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच योजनेसाठी सुरू झाला, हे आज तो भरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या मजुरीने काय साधले याचे एक जुने पण बोलके मोजमाप हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ठेवले आहे. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कान्झरा या गावांतील भूमिहीन कुटुंबांच्या उत्पन्नातले चढउतार, रोजगार हमी नसलेल्या तेव्हाच्या आंध्रातील गावाच्या तुलनेत, निम्म्याच्या आसपास होते. गरिबाच्या घरी उत्पन्नाची सरासरी जितकी महत्त्वाची तितकेच, किंबहुना थोडे अधिक, ते कोणत्या महिन्यात आटते हे महत्त्वाचे असते. चैत्र-वैशाखात हजेरीपटावर नाव लागले तर शेळी विकावी लागत नाही, सावकाराची पायरी चढावी लागत नाही. रोजगार हमीच्या मजुरीने हातउसने घेण्याची गरजच कमी होते, म्हणून कर्जाआधी तिचा नंबर.

यावरचा पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असा, की या कामांत नुसते खड्डे खणले जातात आणि पुढच्या पावसात ते बुजतात. आक्षेप अगदीच हवेतला नाही. खोटी हजेरी लागते, मोजमाप पुस्तिकेतले घनमीटर जमिनीवर सापडत नाहीत, मजुरी थकते, आणि पाऊस पडला की अर्धवट पाझर तलाव तसाच सोडून यंत्रणा निघून जाते, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षे पाहिले आहे. पण ही उदाहरणे म्हणजे नियम आहे की अपवाद, याचा निकाल मोजूनच लावावा लागतो. २००५च्या केंद्रीय कायद्याने १०० दिवसांच्या कामाची हमी दिल्यानंतर महाराष्ट्रात जी कामे झाली, त्यांपैकी ४,१०० हून अधिक कामे संशोधकांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासली आणि ती वापरणाऱ्या ४,८०० हून अधिक लोकांशी बोलून २०१५ साली निष्कर्ष मांडले. ८७ टक्के कामे जागेवर होती आणि चालू होती; तीन-चतुर्थांशांहून अधिक कामांचा शेतीशी थेट किंवा अप्रत्यक्ष संबंध होता; ९० टक्के लोकांनी ती फार किंवा बऱ्यापैकी उपयोगी असल्याचे सांगितले आणि निरुपयोगी म्हणणारे ८ टक्के निघाले. १०० पैकी १३ कामे वाया जाणे हे दुखणे आहेच. त्यासाठी ८७ कामे बंद करणे हा मात्र इलाज होत नाही. त्याच धाटणीचा पुरावा देशपातळीवरही आहे. शेनगेन फॅन, पीटर हॅझेल आणि सुखदेव थोरात यांनी भारतातील ग्रामीण सरकारी खर्चाचा जो अभ्यास केला, त्यात खर्चलेल्या दर रुपयामागे गरिबी कमी करण्यात ग्रामीण रस्ते आणि शेती संशोधन ही दोन खाती सर्वांत पुढे होती.

आता दुसरी बाजू, छोट्या कर्जाची. नाबार्डने १९९२ साली ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रयोग केला. आज देशात बँकेत खाते असलेल्या गटांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ नंतर 'उमेद' अभियान यांनी हे जाळे गावोगाव विणले. दहा-बारा बायका महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात, त्यातून आपसात अंतर्गत कर्ज देतात, वही नीट राहिली की फिरता निधी आणि मग बँकेचे कर्ज मिळते. याचे मोल कमी लेखू नये. दवाखाना, शाळेची फी, पेरणीचे बियाणे यांसाठी महिना शेकडा पाच रुपये दराने पैसे उचलणाऱ्या घराला शेकडा दोनचा दर हा मोठा दिलासा असतो. पण दिलासा मिळणे आणि गरिबीतून बाहेर पडणे यांत अंतर आहे. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०४ वस्त्या घेऊन, निम्म्यांत आधी सूक्ष्म वित्तसंस्थेची शाखा उघडायला लावून, जी तुलना केली ती या बाबतीत डोळे उघडणारी आहे. कर्ज मिळालेल्या वस्त्यांत टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, आधीपासून धंदा असणाऱ्यांनी त्यात जास्त पैसा घातला, पण माणशी खर्च, म्हणजे राहणीमान, सरासरीने वाढले नाही. इतर देशांतल्या अशाच प्रयोगांचे निष्कर्षही याच्या जवळपास जातात. ज्याच्याकडे चालता धंदा होता त्याला कर्ज लागू पडले. ज्याच्याकडे नव्हता त्याला फक्त हप्ता मिळाला.

इथे कर्जाचे समर्थक परतफेडीचे आकडे पुढे करतात: शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक बायका वेळेवर हप्ता भरतात, मग कर्ज लागू पडत नाही असे कसे म्हणता? पण हप्ता वेळेवर आला यावरून तो कुठून आला हे कळत नाही. एका संस्थेचे कर्ज फेडण्यासाठी दुसरीकडून काढलेले कर्जही वसुलीच्या तक्त्यात शंभर टक्केच दिसते. २०१० साली आंध्र प्रदेशात हेच उघड्यावर आले. एकाच घरावर अनेक संस्थांची कर्जे, आठवड्याची वसुली, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचा वटहुकूम. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले. २०२२च्या नियमांनुसार कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत. नियम योग्य आहे. पण त्यातच मूळ मुद्द्याची कबुली आहे: कर्जाची मर्यादा उत्पन्न ठरवते. मग प्रश्न उरतो, ते उत्पन्न वाढवायचे कशाने?

न्यायाची गोष्ट अशी की एकटे कामही पुरत नाही. सॅम अॅशर आणि पॉल नोवोसॅड यांनी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. डांबरी रस्ता आल्यावर चार वर्षांनी त्यांना ठळक असा एकच बदल दिसला: माणसे शेतीतून निघून बाहेर मजुरीला जाऊ लागली. शेतीत, उत्पन्नात किंवा मालमत्तेत फारसा फरक पडला नव्हता. रस्त्याने बाजार जवळ येतो, पण बाजारात न्यायला माल हवा, मालासाठी पाणी आणि भांडवल हवे. याउलट जिथे या गोष्टी एकत्र दिल्या गेल्या तिथला निकाल वेगळा आहे. बांगलादेशातील 'ब्रॅक' संस्थेने अतिगरीब कुटुंबांसाठी एक पद्धत बसवली: आधी काही महिने खाण्यापुरता भत्ता, एक उत्पादक मालमत्ता (गाय, शेळ्या किंवा छोट्या धंद्याचे साहित्य), ती सांभाळण्याचे शिक्षण, सोबत बचत, आणि मग बाजारातले कर्ज. भारतासह (इथे पश्चिम बंगालमध्ये) सहा देशांतील प्रयोगांचे निकाल २०१५ साली आले. मदत थांबल्यानंतरही उत्पन्न आणि खर्च टिकून राहिलेले दिसले. यात नवलाचे काही नाही. पोटाची काळजी मिटल्याशिवाय कोणी गाय राखत नाही. ती विकून खाल्ली जाते. इथेही क्रम तोच: आधी मजुरी किंवा भत्ता, मग मालमत्ता, मग पत.

हा क्रम चुकला की काय होते हे एका विहिरीवरून दिसते. अल्पभूधारक शेतकऱ्याला रोजगार हमीतून सिंचन विहीर मंजूर होते. कागदावर सगळे सरळ आहे: खोदकामाची अकुशल मजुरी मजुरांच्या खात्यात, आणि सुरुंग, यारी, सिमेंट, गवंडी यांचा कुशल खर्च मोजमापानंतर. प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांवर खडक लागतो, सुरुंगवाला आणि यारीवाला रोख मागतात, आणि कुशल निधीचे बिल महिनोन्महिने निघत नाही. शेतकरी खासगी कर्ज काढतो. विहीर पूर्ण झाली तरी मोटर, पाइप आणि वीजजोडणी वेगळीच. अनुदान आले तर ते आधी खासगी देण्यात जाते. पाणी लागलेली आणि मोटर नसलेली विहीर ही सरकारी नोंदीत पूर्ण झालेले काम असते आणि शेतकऱ्याच्या नोंदीत कर्ज. आता याच ठिकाणी, विहीर मंजूर होताना बायकोच्या बचत गटाला दोन कर्जे ठरवून दिली आहेत असे समजा: एक बिल निघेपर्यंतचे, दुसरे मोटर-पाइपाचे. रक्कम फार मोठी नाही, परतफेडीचा मार्ग डोळ्यांसमोर आहे, आणि पहिल्याच रब्बीत गहू-हरभरा किंवा भाजी निघते. १९९०च्या दशकात राज्याने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली तेव्हा असेच काहीसे साधले होते. खड्डे खणण्यापासून तीन वर्षांच्या जोपासनेपर्यंतचा खर्च योजनेतून, आणि झाडे जगली तरच पुढच्या वर्षाचे पैसे. डाळिंब, काजू, आंबा, सीताफळ यांच्या खालचे क्षेत्र त्यानंतर अनेक पटींनी वाढले. मजूर म्हणून खड्डा खणणारा तीन-चार वर्षांत बागवाला होऊ शकतो, आणि बाग दाखवली की बँकेच्या दारात त्याला कोणी ताटकळत ठेवत नाही.

काम नाही आणि कर्ज मात्र आहे, याचे टोकाचे रूप म्हणजे ऊसतोड मजुराची उचल. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांत पावसाळा संपत आला की मुकादम येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे हंगामाआधीच रोख रक्कम. लग्न, आजारपण, जुनी बाकी यांत ती खर्च होते. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलाबाळांसह फडावर, पाच-सहा महिने टनावर काम, एक दिवस चुकला तर खाड्याची कपात, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. हेही सूक्ष्म कर्जच आहे: तारण नाही, कागद जुजबी, वसुली जवळजवळ शंभर टक्के. फक्त त्याचे तारण म्हणजे माणसाचे श्रम. या घरांना आणखी एखादे कर्ज दिल्याने ती सुटत नाहीत. त्यांच्या गावात ऑक्टोबर ते मार्च काम हवे, आणि त्या कामातून उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकेल अशी जमीन हवी.

हे होऊ शकते, याचे माहितीतले उदाहरण हिवरे बाजार. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पावसाच्या या गावात १९९० नंतर पोपटराव पवार सरपंच असताना रोजगार हमी आणि आदर्श गाव योजनेतून टेकड्यांवर समतल चर, बंधारे, झाडे झाली. कामे इतर गावांतही झाली होती. वेगळे होते ते ग्रामसभेचे निर्णय: शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, चराई आणि कुऱ्हाड बंद, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची. पाण्याबरोबर चारा आला, चाऱ्याबरोबर जनावरे, आणि तेव्हा कुठे गायीसाठीचे कर्ज शहाणपणाचे ठरले. रोजचे १५० लिटर दूध काही हजार लिटरवर गेले ते या क्रमाने. उलट, शेततळ्याच्या अनुदानाखाली काही भागांत जे झाले ते पाहा: प्लॅस्टिक अंथरलेली मोठी तळी पावसाच्या नव्हे, विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली गेली आणि शेजाऱ्याची विहीर आधी आटली. कामही झाले, कर्जही मिळाले, पण गावाचे पाणी थोड्यांच्या तळ्यात गेले. सामाईक नियमाशिवाय खासगी मालमत्ता वाढवली तर एकाची सुटका दुसऱ्याची कोंडी होते.

म्हणूनच सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे की पाण्याची कामे जमीनवाल्यांच्या पदरात पडतात. चर खणणारा भूमिहीन मजुरी संपली की होता तिथेच राहतो. हे खरे आहे, आणि आपोआप सुटणारे नाही. पण त्यावर उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा होता: पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, उसाला पाणी नाही, आणि योजनेच्या खर्चाचा एक हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. पाण्याचा हक्क हाती असलेला भूमिहीन दुसऱ्याची जमीन बटाईने करू शकतो, म्हणजेच त्यालाही कर्जाचा उपयोग होतो. आणखी एक आक्षेप शेतकऱ्यांचा: अशा कामांनी मजूर महाग होतात. होतात. आंध्रात रोजगार हमीची मजुरी वेळेवर आणि गळतीशिवाय पोहोचवण्याचा मोठा प्रयोग झाला तेव्हा गरीब कुटुंबांच्या वाढलेल्या कमाईचा बहुतांश भाग योजनेबाहेरच्या मजुरीतून आला, आणि खासगी रोजगार कमी न होता वाढला. मजुरी वाढणे हाच तर गरिबी कमी होण्याचा सर्वांत सरळ अर्थ. लहान शेतकऱ्याचा तोटा भरून निघतो तो त्याच्या बांधावर आणि विहिरीवर झालेल्या कामाने, शिवाय वर्षातले काही महिने तोही मजूरच असतो. शेवटचा आक्षेप, थेट खात्यात पैसे का देऊ नयेत? म्हातारे, आजारी, एकट्या बायका यांना द्यावेतच. पण पैशाने घर चालते, नाला अडत नाही. शेजारची वीस घरे मिळून जे काम करायचे ते वीस खात्यांत पैसे टाकून होत नाही.

मग करायचे काय? योजना नव्या नकोत, दोन जुन्या वह्या एका टेबलावर आणाव्या लागतील. आज गावातली कामे रोजगार हमीच्या आराखड्यात ठरतात, गटांची कर्जे 'उमेद'च्या ग्रामसंघात. खाती वेगळी, साहेब वेगळे, उद्दिष्टे वेगळी. एकाला मनुष्यदिवस मोजायचे असतात, दुसऱ्याला वाटलेले कर्ज. ग्रामसभेत कामांची यादी ठरते त्याच दिवशी ग्रामसंघाने सांगावे, की या पाणंद रस्त्यामुळे कोणत्या वस्तीचे दूध डेअरीपर्यंत जाईल, या विहिरींना मोटरीसाठी किती पैसे लागतील, कोणते घर अजून कर्ज घेण्याच्या स्थितीत नाही आणि त्याला आधी हजेरीपटावरच्या दिवसांची गरज आहे. काम पूर्ण होण्याच्या तारखेला कर्जाची तारीख बांधावी, मजुरी पंधरा दिवसांत द्यावी, आणि पाण्याचा नियम ठरल्याशिवाय खासगी तळ्याला पैसा देऊ नये. यशाचा हिशेबही बदलावा लागेल. किती किलोमीटर रस्ता आणि किती कोटी कर्ज हे खर्चाचे आकडे आहेत. दुष्काळी तालुक्यातल्या गावाला विचारण्यासारखा आकडा एकच: यंदा मुकादमाची उचल न घेता किती घरे गावातच राहिली. हा आकडा गावात सगळ्यांना तोंडपाठ असतो. सरकारच्या कोणत्याही तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नाही. तो आखायला एक पैसाही लागत नाही, आणि तो आखला गेला की आधी काम काढायचे की कर्ज द्यायचे, हा वाद बराचसा आपोआप मिटेल.